अंगणातली बोट

बोट आत यायला फाटक अरुंद पडलं म्हणून सिद्रामप्पांनी कंपाउंडची भिंत पाडायला लावली. तिचा शेवटचा तुकडा धाडकन खाली आला, तशी बसम्मा स्वयंपाकघरातून पळत सुटली ती थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबली. दोन्ही हातांना कणीक होती. ट्रकवर दोरखंडांनी आवळलेली बोट, पहारी घेतलेले दोन मजूर आणि धुळीत उभा असलेला आपला नवरा, एवढं सगळं ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला.

"सांगून पाडायची," ती म्हणाली. "भिंतीचं तरी मला सांगत जा."

"चुकलंच," सिद्रामप्पा म्हणाले.

"कोणाची ही?"

"इष्णुपुरीची. आपली दोन नंबर."

तिनं बोटीकडं एकदा पाहिलं. पांढरा रंग पिवळा पडलेला, पुढचं नाक फुटलेलं, बाजूला सरकारी अक्षरांतला दोनचा आकडा. मग ती रस्ता ओलांडून आत गेली. मेसच्या मुलांच्या पोळ्या राहिल्या होत्या.

ही २००९ सालची, फेब्रुवारीतली गोष्ट. सिद्रामप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी नांदेडला, विष्णुपुरीच्या जलाशयावर बोट चालवण्यात काढली. साहेब लोकांना पाहणीला न्यायचं, पाण्याची खोली मोजणाऱ्यांना फिरवायचं, कोणी बुडालं तर शोधायला जायचं. फायबरची ती बोट, मधोमध लाकडी खोक्याखाली दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन. इंजिनापासून निघालेला लोखंडी दांडा बोटीचं पोट भेदून मागं पाण्यात उतरायचा आणि त्याच्या टोकाला पितळी पंखा. पुढं नवीन बोटी आल्या आणि दोन नंबर यार्डात बाभळीखाली पडून राहिली. भंगाराच्या लिलावात लोकांना फक्त इंजिन हवं होतं. फायबरला कोण विचारतो? बोटीचे करवतीनं तुकडे करायचे ठरलं, तेव्हा सिद्रामप्पांनी ती अख्खीच मागून घेतली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत ट्रक लातूरला आला. अहमदपूरच्या स्टँडजवळ चहाला थांबले तर ट्रकभोवती हीऽ गर्दी. एकानं विचारलं, "मामा, लातुरात समुद्र आणून राहिले का?"

लातुरात समुद्र नव्हता, पण पोरांचा लोंढा आला होता. अकरावी-बारावीसाठी कुठून कुठून मुलं यायची. क्लासच्या पाट्यांनी रस्ते झाकून गेले होते आणि ज्याच्याकडं एक खोली जास्तीची तो होस्टेलवाला झाला होता. बसम्मा बारा वर्षांपासून मेस चालवत होती. पहाटे उठायचं, डबे भरायचे, भांडी निघेपर्यंत संध्याकाळच्या भाजीला बसायचं. डावा हात तिला खांद्याच्या वर नेता येत नसे. पोळी लाटताना दुखायचा, पण त्याबद्दल ती बोलत नसे.

तो हात भूकंपातला. त्र्याण्णव साली गणपतीत ती दोन्ही लेकरांना घेऊन किल्लारीजवळच्या माहेरी गेली होती. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दगडामातीची घरं बसली. बसम्मा दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. कुशीत चार वर्षांची शिवलीला होती. माणसांनी दोघींना काढलं तेव्हा एकच जिवंत होती. सात वर्षांचा संगमेश्वर विसर्जन बघून पोरांबरोबर पारावर झोपला होता म्हणून वाचला. सिद्रामप्पा तेव्हा नांदेडला होते. विसर्जनाला घाटावर खात्याची बोट तैनात असायची आणि बोटीवर ते. मुलगी वाट बघतेय, तिच्यासाठी या, असं बसम्मानं पत्र धाडलं होतं, पण अमृतराव साहेबांनी सुट्टी दिली नाही. हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. अमृतराव हे त्यांचे उपअभियंता. भूकंपानंतर महिन्याभरानं ते धान्याची दोन पोती घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये भेटायला आले, तेव्हा बसम्मानं त्यांच्याकडं पाठ फिरवली होती. पाणीसुद्धा विचारलं नाही. अर्धा तास नुसते बसून ते निघून गेले.

आता तीच बोट अंगणात आली होती. बसम्मा कपडे वाळत घालायला तिला वळसा घालून जायची. विचारलं मात्र काही नाही.

सिद्रामप्पांनी आधी बोटीचा आतला तळ उचकटला. वरून धडधाकट दिसणाऱ्या फायबरखाली लाकूड कुजून गेलं होतं. इंजिन ज्या दोन लांब तुळयांवर बसतं, त्या बोटानं दाबल्या तर ओल्या पावासारख्या चेपायच्या. सगळं काढायचं, जुनं फायबर ग्राइंडरनं खरवडायचं, नवं सागवान बसवायचं आणि त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून हळूहळू घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनचे थर द्यायचे, असं ते काम. सिद्रामप्पा इंजिनचे माणूस, रेझिन त्यांना माहीत नव्हतं. ते शिकायला ते एमआयडीसीत गुरुबसप्पाकडं गेले. गुरुबसप्पा फायबरचे दरवाजे करायचा. लातुरातल्या निम्म्या होस्टेलच्या बाथरूमांना त्याचेच दरवाजे होते.

"दरवाजाला पाणी एका अंगानं लागतंय," गुरुबसप्पा म्हणाला. "हिला चारी अंगानं. घाई करू नका. अन् उन्हाच्या आत काम उरका, न्हाईतर डब्यातच दगड होईल."

झालंही तसंच. पहिल्या उन्हाळ्यात तीन डबे रेझिन मॅटवर पोचायच्या आतच धूर सोडून गोळा झालं. मग ते सकाळी सहाला काम काढायचे आणि नऊला थांबायचे. काचेची धूळ बाह्यांतून, गळ्यातून आत शिरायची. अंगभर खाज सुटायची. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, त्यामुळं आंघोळ अर्ध्या बादलीत. दुपारी सावलीत पडले तरी गोणपाटावर निजल्यासारखं वाटायचं. पन्नाशीत जे काम चार दिवसांत झालं असतं त्याला आता महिना लागायचा. कधी कधी ते बोटीत नुसते बसून राहायचे, हातात पॉलिश पेपर तसाच.

संगमेश्वर एका क्लासच्या ऑफिसात कामाला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"अप्पा, या जागेवर चार खोल्या होतात. माझ्याकडं रोज पालक येऊन हात जोडतात, रूम बघा म्हणून. अन् आपण इथं बोट घेऊन बसलोय."

"होईल आता. थोडंच राहिलंय."

"सोडणार कुठं तिला?"

सिद्रामप्पा पुन्हा पॉलिश पेपर घासायला लागले. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या दोन मुली परीक्षेच्या दिवसांत रेझिनच्या वासानं डोकं दुखतं म्हणून रडवेल्या झाल्या, तेव्हा त्यांनी महिनाभर काम बंद ठेवलं. त्या महिन्यात ते जास्तच थकलेले दिसले.

दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन बसलं. जाम झालेले पिस्टन आठ दिवस डिझेल पाजून सोडवले होते, दांडा लेथवर सरळ करून घेतला होता. तलावात असताना इंजिन तलावाचंच पाणी ओढून गार राहतं. अंगणात ते कुठून आणायचं? सिद्रामप्पांनी नळी पिंपात सोडली. पाणी जाईल ते दुसऱ्या नळीनं परत पिंपात पडेल, असा हिशेब. दुपारची वेळ, बसम्मा भांडी लावत होती. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. आवाजानं शेजारचे गच्चीवर आले. सिद्रामप्पा खोक्यावर वाकून ऐकत होते. सोळा-सतरा वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. त्यांना भान राहिलं नाही. मागची नळी निसटली होती. बसम्मा ओरडत बाहेर आली, तोवर पिंप रिकामं झालं होतं आणि काळं, तेलकट पाणी गटारीकडं चाललं होतं.

मेसचं पाणी होतं ते. नळ यायला अजून चार दिवस होते.

सिद्रामप्पांनी इंजिन बंद केलं. बसम्मा पायरीवर बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज चढलाच नाही.

"का आणली ही?" ती म्हणाली. "एकदा खरं सांगा. त्या अमृतराव साहेबाला मी आजवर शिव्या देऊन राहिले. ह्या बोटीपायी त्यानं तुमाला सोडलं न्हाई. अन् तुमी हिलाच घरात आणून आंगूळ घालून राहिले."

सिद्रामप्पा बोटीतून खाली उतरले.

"साहेबानं न्हाई म्हणलं नव्हतं."

"मग?"

"मी सुट्टी मागितलीच न्हाई."

बसम्मा त्यांच्याकडं बघत राहिली.

"विसर्जनाला सगळं नांदेड घाटावर यायचं," ते म्हणाले. "पोलीस मला विचारून माणसं सोडायचे. मी बोट वळवली की सगळी गर्दी त्या अंगाला वळायची. वर्षाचे बाकीचे दिवस मला कोण इचारत होतं? तुझं पत्र खिशात होतं. म्हणलं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जाऊ."

"अन् साहेबाचं?"

"तुझ्या भावानं इचारलं, भावजी का आले न्हाईत. ढिगाऱ्याजवळ. तोंडातून निघून गेलं, साहेबानं सोडलं न्हाई. मग ते तसंच राहिलं. लिलावात हिला कापायला निघाले, तवा मला बघवेना. माझं झाकून ठेवलेलं हिला एकटीला ठाऊक होतं, असं काहीतरी वाटलं. मला नीट सांगता येत न्हाई."

बसम्मा उठली. आडवं झालेलं पिंप तिनं उजव्या हातानं उभं केलं आणि खराट्यानं चिखल गटारीकडं लोटला. मग संगमेश्वरला फोन करून टँकर सांगितला. संध्याकाळी चौतीस डबे वेळेवर गेले.

त्यानंतर तेरा दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची. संगमेश्वरनं विचारलं, तर "डोकं दुखतंय" म्हणाली. सिद्रामप्पांनी बोटीवर ताडपत्री टाकली आणि तिकडं फिरकले नाहीत. चौदाव्या दिवशी सकाळी ते दारात मेथी निवडत बसले होते. बसम्मा समोर येऊन उभी राहिली.

"माफ करायचं मला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी म्हणाल, इतकी वर्सं झाली. पण मला ते आता कळलंय. ते माझ्या हातात न्हाई. दुसरं एक हाय. त्या माणसाला मी पाणी दिलं न्हाई. पोरीच्या मरणाचा बोल लावला त्याला. त्याच्या घरी चला अन् माझ्यादेखत सांगा."

"साहेब हायत का न्हाईत, कोणाला ठावं."

"हायत. मी संगूकडून फोन लावून घेतला."

सिद्रामप्पांनी मेथीची काडी खाली ठेवली. "बोट झाली की जाऊ. तिला नांदेडलाच न्यायची हाय, तवाच जाऊ."

"बरं," बसम्मा म्हणाली.

काम पुन्हा सुरू झालं, पण आता ते संपेचना. फुटलेलं नाक भरून झालं. दांडा जिथून पोटाबाहेर पडतो तिथलं पाणी अडवणारं दोरीचं पॅकिंग नवं झालं. वरून पांढरा रंग झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सिद्रामप्पा रंग घासून पुन्हा देत होते. एकदा दिला, दोनदा दिला. डिसेंबरात तिसऱ्यांदा घासायला बसले, तेव्हा बसम्मा ओट्यावरून म्हणाली, "रंग पुरे."

गुरुबसप्पा आला होता, त्यानंही बोटीवर चापटी मारून पाहिलं. "अप्पा, हिला आता करायला काही उरलं न्हाई."

"हाव," सिद्रामप्पा म्हणाले. "उरलं न्हाई."

बोट कोणाला द्यायची तेही ठरलं. शेषेराव हा त्यांचा जुना खलाशी, उमरीचा. तो आता जलाशयावरच्या मच्छीमार सोसायटीचं काम बघायचा. जाळी ओढायला, माल आणायला त्यांना बोट हवीच होती. ट्रक पुढं गेला, शेषेरावाच्या ताब्यात. सिद्रामप्पा आणि बसम्मा एसटीनं नांदेडला उतरले आणि आधी अमृतरावांच्या घरी गेले.

अमृतरावांनी सत्तरी ओलांडली होती. खुर्चीत, पायांवर शाल. त्यांनी सिद्रामप्पांना लगेच ओळखलं. बसम्माला पाहून मात्र नजर खाली वळवली. सुनेनं पाणी आणून दिलं. बसम्मानं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

सिद्रामप्पांनी उभ्यानंच सांगितलं. फार नव्हतंच सांगायला. चार वाक्यांत झालं.

अमृतरावांनी पायांवरची शाल नीट केली. मग म्हणाले, "म्हणजे तू अर्ज केलाच नव्हतास?"

"न्हाई साहेब."

"तोंडी विचारलं होतंस?"

"तेही न्हाई."

"मी रजेची फाइल दोनदा काढून पाहिली होती," अमृतराव म्हणाले. "तुझा अर्ज सापडला नाही. मला वाटलं, तोंडी विचारलं असशील आणि मी नाही म्हणालो असेन. त्या आठवड्यात मी तिघांना तोंडी नाही म्हटलं होतं. तिघं आठवत होते. म्हटलं, चौथा हा असेल. तुमच्या शेडमधून परत येताना मी ड्रायव्हरला सुद्धा विचारलं होतं, तुझ्यासमोर मी कधी त्याला नाही म्हणालो का रे. मुलीचं नाव काय होतं?"

"शिवलीला," बसम्मा म्हणाली.

"मला ते माहीत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती."

सिद्रामप्पा पायांशी वाकले, तसे अमृतरावांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको. ते नको, सिद्रामप्पा. तू आता जा. मला थोडं पडायचंय." मग बसम्माकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही चहा घेऊन जा. सूनबाई ठेवतेय."

बसम्मानं हातातलं पाणी पिऊन टाकलं. "साहेब, मी तुमाला लई बोलले," ती म्हणाली. "तुमाला ऐकू गेलं नसंल, पण बोलले."

"ऐकू येत होतं," अमृतराव म्हणाले.

तिनं एकटीनं चहा घेतला. सिद्रामप्पा बाहेर पायरीवर चपला घालून बसून राहिले.

दुपारी विष्णुपुरीला पोचले तेव्हा शेषेरावानं माणसं जमवून बोट उतारावर आणून ठेवली होती. त्यानं नारळ फोडला. बोट पाण्यात सरकली, थोडी डावीकडं कलली, मग सरळ झाली. सिद्रामप्पा आत चढले. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. दांड्याच्या पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी येत होतं. तेवढं यायलाच हवं असतं, नाही तर पॅकिंग तापतं. काम बिनचूक झालं होतं. त्यांनी बोट धरणाच्या भिंतीच्या दिशेनं नेली, वळवली, पुन्हा वळवली. पाणी सपाट होतं आणि काठावर पाहणारं फारसं कोणी नव्हतं. आनंद होईल असं त्यांना दोन वर्षं वाटत होतं. पाठ दुखत होती, एवढंच जाणवलं. एका फेरीनंतर त्यांनी बोट काठाला लावली.

"अजून एक चक्कर मारा की," शेषेराव म्हणाला. "वहिनींना पण घ्या."

बसम्मा बाभळीला टेकून बसल्या जागी झोपली होती. तोंड उघडं, पिशवी मांडीवर. दुपारची झोप तिला मेस सुरू झाल्यापासून मिळाली नव्हती. सिद्रामप्पांनी तिला उठवलं नाही. शेषेरावाला इंजिनच्या चार गोष्टी समजावल्या, पॅकिंग कधी आवळायचं ते सांगितलं आणि किल्ली दिली. मग ती उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.

जूनपर्यंत अंगणात चार खोल्या उभ्या राहिल्या. संगमेश्वरनं त्या एका दिवसात भरल्या. डबे पन्नासच्या वर गेले. सिद्रामप्पा आता मेसमध्येच असतात. भाजी चिरतात, कुकर उचलून देतात, जड पातेली घासतात. बसम्मा त्यांच्याशी कामापुरतं बोलते. कधी कामापलीकडचंही एखादं वाक्य येतं, मग पुन्हा चार-चार दिवस येत नाही. सिद्रामप्पा त्याची वाट बघतात, पण मागत नाहीत.

दिवाळीत त्यांनी अमृतरावांना फोन केला. सून म्हणाली, विचारते. बराच वेळ गेला. फोन ठेवावा असं वाटत असतानाच पलीकडून अमृतरावांचा आवाज आला. ते दोन-तीन मिनिटं बोलले. सिद्रामप्पा नुसते "हाव साहेब, हाव" म्हणत होते.

"काय म्हणले?" बसम्मानं विचारलं.

"इष्णुपुरीला पाणी भरपूर हाय म्हणले. बोट दिसते म्हणले, पोरगा फिरायला नेतो तवा."

"अजून?"

"तब्येत जपा म्हणले. दोघं पण."

बसम्मानं तव्यावरची पोळी उलटली. मग तिनं लसणाची टोपली त्यांच्याकडं सरकवली. सिद्रामप्पा पाट ओढून बसले आणि लसूण सोलू लागले.